मदत हवी आहे: सोसायटीच्या सभेत स्मार्ट मीटरबद्दल ठराव काय मांडावा?

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे आणि विषय एकच: स्मार्ट मीटर, म्हणजे वापराची नोंद आपोआप कंपनीला पाठवणारा मीटर. वीज कंपनीच्या ठेकेदाराची माणसं मीटर रूम बघून गेली आणि जाताना वॉचमनला सांगून गेली, की पुढच्या आठवड्यात सगळे मीटर बदलणार. कागद एकही दिला नाही. त्या संध्याकाळपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, मीटर रूमला कुलूप ठोका आणि कुणाला आत सोडू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रोजचा वापर मोबाइलवर दिसणार असेल तर आडवं का यायचं? मी सेक्रेटरी आहे, ठरावाचा मसुदा मला लिहायचाय.

माझं मत आधीच सांगते. "नवीन मीटर पळतो" या एकाच मुद्द्यावर सभा खर्ची पडावी असं मला वाटत नाही. मीटर बरोबर आहे की नाही हे तपासता येतं. मला जास्त काळजी आहे ती त्या मीटरमधल्या स्विचची. आतापर्यंत वीज तोडायची तर माणूस दारात यायचा. त्याला पावती दाखवता यायची, चार शब्द बोलता यायचे, संध्याकाळपर्यंत मुदत मागता यायची. आता कुठल्याशा सर्व्हरवरून एक आदेश सुटला की घरात अंधार. तळमजल्यावरच्या काकांना चोवीस तास ऑक्सिजन काँसन्ट्रेटर लागतो. काकूंनी मला जिन्यात थांबवून एवढंच विचारलं, "चुकून बंद झाली तर मी कुणाला फोन करायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही भीती हवेतली नाही. २०२० च्या जन्माष्टमीला उत्तर प्रदेशात चुकीचा आदेश गेला आणि लाखाहून जास्त स्मार्ट मीटरांची वीज एकदम बंद पडली. थकबाकी नसलेली घरंसुद्धा त्यात होती.

तर प्रश्न असा: पूर्ण नकार देता येतो का? येत नसेल, तर होकार देताना काय काय लेखी मागून घ्यावं? आमची इमारत १९९४ ची आहे, वायरिंग बऱ्याच घरांत जुनंच आहे. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद – खांबावरचा

ताई, मी वायरमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय. राजकारणातलं बाकीचे सांगतील, मी मीटर रूमपुरतं सांगतो.

मीटर बदलायच्या दिवशी प्रत्येक घरातला एक माणूस खाली उभा पाहिजे. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, मीटर नंबर आणि सील स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. नव्याचंही सुरुवातीचं रीडिंग काढून ठेवा. बदली अहवालावर दोन्ही आकडे लिहिलेत का ते बघितल्याशिवाय सही करू नका. निम्मी भांडणं इथेच होतात. पहिल्या बिलात जुन्या मीटरचे युनिट आणि नव्या मीटरचे युनिट एकत्र येतात, शेवटचं रीडिंग चुकीचं चढलं की माणूस हादरतो आणि खापर नव्या मीटरवर फुटतं.

आता वायरिंग. तुमच्या काळातल्या इमारतींत न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, गोंधळ फार. दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी दोन फ्लॅटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, किंवा इन्व्हर्टर बसवताना शेजारचा न्यूट्रल घेतलेला असतो. सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट मोजतो आणि जो जास्त असेल त्याप्रमाणे युनिट धरतो. चोरी पकडायला ती सोय केलेली आहे. पण न्यूट्रल मिसळलेला असेल तर शेजाऱ्याच्या गिझरचं बिल तुम्हाला येऊ शकतं. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटरही हेच करतात, अगदी जुना चकतीचा मीटर असेल तर मात्र हा दोष आजवर लपलेला असतो. म्हणून मीटर येण्याआधी लायसनधारक इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक घराचा न्यूट्रल वेगळा आहे का ते तपासून घ्या.

घरच्या घरी तपासायचं तर घरातला मेन स्विच बंद करून खाली मीटर बघा. लाल दिव्याची उघडझाप थांबली पाहिजे. थांबली नाही तर मीटर ते घर यामध्ये कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी जोडणी घेतली आहे. मग फक्त १००० वॉटची इस्त्री किंवा हीटर लावा. मीटरवर "३२०० इम्प" असं छापलेलं असेल तर एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, म्हणजे सहा मिनिटांत सुमारे ३२० वेळा. इस्त्री मधेच तापून बंद होते, म्हणून हीटर बरा. थोडा फरक सोडून द्या, दीडपट-दुप्पट आला तर तक्रार करा.

प्रतिसाद – रोखठोक

सेक्रेटरीबाई, "मीटर फुकट बसवतोय" असं कुणी म्हणालं तर सभेत गप्प बसू नका. २०२३ मध्ये राज्यातली कंत्राटं दिली गेली. त्यात अदानी समूहाच्या कंपनीकडे भांडुप, कल्याण, कोकण, बारामती आणि पुणे मिळून सुमारे १ कोटी १६ लाख मीटर आले, किंमत १३,८८८ कोटी रुपये. भागाकार करा: मीटरमागे जवळपास १२,००० रुपये. यात मीटर, संपर्कयंत्रणा आणि पुढच्या वर्षांची देखभाल सगळं धरलंय हे मान्य. पण केंद्राच्या योजनेतलं अनुदान आपल्यासारख्या सर्वसाधारण राज्यांना मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले पैसे आकाशातून पडत नाहीत. ते दरवाढीच्या प्रस्तावात जातात आणि वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने तुमच्या-माझ्या युनिटवर बसतात. बिलावर "मीटरभाडे" अशी ओळ नसेल, एवढंच.

केरळने खासगी कंपनीला सगळं सोपवायचं हे प्रारूप नाकारलं आणि वीजमंडळानेच मीटर घेऊन बसवायचा मार्ग धरला. म्हणजे पर्याय होता. आपल्या राज्याने एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प भोगलाय. न परवडणाऱ्या दराचा करार आधी, चर्चा नंतर, आणि २००१ मध्ये वीजखरेदीच थांबवायची वेळ. त्यातून एवढं तरी शिकायला हवं होतं की करार लोकांसमोर आधी उघडावा.

माझा सल्ला: सरळ नकाराचा ठराव करा. इचलकरंजीहून प्रताप होगाडे आणि वीज ग्राहक संघटनेने गावोगाव अर्ज भरून घेतले, त्याचा दबाव पडला म्हणूनच जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सांगावं लागलं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. गप्प बसलो असतो तर आज सगळे रिचार्ज मारत बसलो असतो.

प्रतिसाद – दिवसा_उजेडी

रोखठोक यांचा कंत्राटाचा हिशेब मला पटतो, नकाराचा ठराव पटत नाही.

विजेचा खर्च दिवसभर सारखा नसतो. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, संध्याकाळी सात वाजता ती शून्य आणि नेमकी तेव्हाच मागणी वर जाते. ती भरून काढायला कोळसा जाळायचा किंवा बाजारातून महाग वीज घ्यायची. कुणी कधी वापरली हे कळल्याशिवाय दुपारी वापरणाऱ्याला स्वस्त दर देताच येत नाही, आणि जुना मीटर फक्त महिन्याची बेरीज सांगतो. जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून सूट आहे आणि ती पुढच्या वर्षांत १ रुपयापर्यंत जाणार आहे. वॉशिंग मशिन, इस्त्री, मिक्सर-घरघंटीची कामं दुपारी केली की फरक पडतो.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर हा मीटर तसाही लागणारच. आमच्या घरी ३ किलोवॅटचा संच आहे, केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं. रोज किती युनिट बाहेर गेले, किती आत आले हे बघताना वीज पहिल्यांदा डोळ्यांना दिसायला लागली. ही चांगली गोष्ट आहे. यंत्र आणि कंत्राट यांची गल्लत करू नये.

प्रतिसाद – धागा काढणारी

दिवसा_उजेडी, तुमचं पटतं, पण आमच्याकडची स्थिती बघा. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघं सकाळी आठची लोकल पकडतात. त्यांची वॉशिंग मशिन रात्रीच लागणार. दुपारच्या सवलतीचा फायदा घरी असणाऱ्या ज्येष्ठांना आणि सोलर परवडणाऱ्यांना. उद्या संध्याकाळचा दर वाढवला तर तो नोकरदार भाडेकरूंवरच पडेल. हे कुणी आधी बोलतच नाही.

आणि रीडिंग घ्यायला येणारा मुलगा? कंत्राटी आहे, अनेक वर्षं येतोय. कुणाचं बिल अचानक वाढलं तर बेल वाजवून सांगायचा, "काकू, गिझर चालू राहिलाय का बघा." त्याचं काम आता जाणार. त्याला पुढे काय, हे एकाही जाहिरातीत नाही.

प्रतिसाद – बडोदेकर

बडोद्याहून लिहितेय. आमच्याकडे मे २०२४ मध्ये यावरून खूप गदारोळ झाला, लोक मोर्चे घेऊन कार्यालयांवर गेले. इथे मीटर थेट प्रीपेड होता. शिल्लक उणे गेल्याचा मेसेज आला की बायका घाबरायच्या, कारण आधी दोन महिन्यांचं बिल एकदम भरायची सवय आणि आता रोज पैसे कापले जाताना दिसायचे. शेवटी सरकारला थांबावं लागलं आणि काही ठिकाणी नव्या मीटरशेजारी जुना मीटर तुलनेसाठी ठेवायचं ठरलं. आमच्या इमारतीत तसे दोन मीटर शेजारी-शेजारी लागले, दोन्हींचं रीडिंग आम्ही वहीत लिहायचो. फरक नगण्य निघाला. पण ती वही होती म्हणून लोक शांत झाले, नुसत्या पत्रकांवर कुणी विश्वास ठेवला नसता. तुम्ही हेच मागा.

प्रतिसाद – कलम_वाचक

बडोदेकर यांनी सांगितलेली गोष्ट आता नियमातच आहे, फार कमी लोकांना माहीत आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्रीय नियम २०२० चे, त्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केली तर कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून बघायचे. २०२३ च्या दुरुस्तीत आणखी एक आहे: स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या जास्तीत जास्त मागणीच्या (एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक विजेच्या) आधारावर, तो बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही.

वीज तोडण्याबद्दल: २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं, थकबाकी असली तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. स्विच दूरवर गेला म्हणून हे कलम रद्द होत नाही. वादातली रक्कम हरकत नोंदवून भरली तर तोडणी थांबते, हेही त्याच कलमात आहे.

सरसकट नकार टिकणं अवघड आहे. मीटर कंपनीचा, आणि ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत शेती सोडून बाकी ग्राहकांना टप्प्याटप्प्याने प्रीपेड पद्धतीने चालणारे स्मार्ट मीटर द्यायचं म्हटलं होतं. तरीही प्रीपेड नको हे मात्र ठामपणे म्हणा. वीज कायद्याच्याच कलम ४७(५) प्रमाणे प्रीपेड घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत मागता येत नाही. "तयार असलेल्या" हे शब्द महत्त्वाचे, संमती त्यातच गृहीत आहे. आपण अनामत भरलेली आहे, ती तशीच ठेवा.

प्रतिसाद – पवनचक्कीच्या_गावातून

नेदरलँड्समध्ये राहतो. इथे २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने सक्तीचा कायदा अडवला, कारण अर्ध्या-पाव तासाच्या नोंदींवरून घरी कोण कधी आहे हे कळतं. नंतर मीटर आले, पण नकार देण्याचा किंवा मीटर ठेवून त्याचं दूरवरून रीडिंग बंद करून घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. वीज कुणाची गेली नाही, काम अडलं नाही. तुमच्या ठरावात नोंदींचा मुद्दा जरूर घ्या. महिन्याच्या बिलाला महिन्याची बेरीज पुरते, त्यापुढचा तपशील कोण बघतो आणि किती दिवस ठेवतो हे विचारण्यात गैर काहीच नाही.

प्रतिसाद – धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रोखठोक, नकाराची तुमची कळकळ कळते, पण ज्या ठरावावर पहिल्याच महिन्यात माघार घ्यावी लागेल तो मी मांडणार नाही. कंत्राटाचे आकडे मात्र सभेत वाचून दाखवणार.

मसुदा असा केलाय: "लेखी सूचना आणि तारीख कळवल्याशिवाय मीटर रूम उघडली जाणार नाही. मीटर पोस्टपेडच राहील, संमतीशिवाय प्रीपेड केला जाणार नाही, हे कंपनीने पत्राने कळवावे. प्रत्येक विंगमध्ये एका घरी तीन महिने जुना मीटर तुलनेसाठी शेजारी ठेवावा. कलम ५६ ची नोटीस मेसेजवर न भागवता कागदावर द्यावी. घरात जीवरक्षक उपकरण असलेल्या ग्राहकांची नोंद घेऊन त्यांचा पुरवठा दूरवरून तोडू नये. अर्ध्या तासाच्या नोंदी कुणाला दिल्या जातात ते कळवावे." न्यूट्रल तपासणीचा खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून करायचा, म्हणजे भाडेकरू आणि एकट्या राहणाऱ्यांवर भार पडणार नाही.

एकच अडलंय. काकांसाठीचं पत्र कंपनीच्या कुठल्या कार्यालयात द्यायचं आणि सोबत काय जोडायचं?

प्रतिसाद – खांबावरचा

उपविभागीय कार्यालयात, सहायक किंवा उपकार्यकारी अभियंत्याच्या नावाने. सोबत डॉक्टरांचं पत्र, उपकरणाच्या बिलाची झेरॉक्स आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कक्ष अभियंत्याचा मोबाइल नंबर तिथेच मागून घ्या आणि काकूंच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. आणि ताई, मीटर कुठलाही असो, लाइन कधीही जाते. काकांसाठी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवायला सांगा, रेग्युलेटर जोडता येतो का हे आधीच करून बघा.