पॅट प्रॉफ्ट: लेखक की विनोदांचा पुरवठादार?

तिसरी घंटा
परवा रात्री 'हॉट शॉट्स! पार्ट दू' (१९९३) पुन्हा लावला. त्यात जेमतेम काही सेकंदांचा एक प्रसंग आहे. नदीतून बोट चालली आहे, चार्ली शीन दूर कुठेतरी बघतोय आणि पडद्यामागून त्याचं जडशीळ मनोगत ऐकू येतंय. समोरून दुसरी बोट येते. तिच्यात मार्टिन शीन, म्हणजे त्याचा सख्खा बाप, 'अपोकॅलिप्स नाऊ'मधल्यासारखाच बसलेला. त्याचंही मनोगत चालूच. बोटी जवळ येतात, दोघं उठून एकमेकांना ओरडून सांगतात की 'वॉल स्ट्रीट'मधलं तुझं काम आवडलं. बोटी आपापल्या वाटेने जातात. पुन्हा त्याचा उल्लेखही नाही.

हे लिहिणाऱ्या दोघांतला एक जिम अब्राहम्स, तो दिग्दर्शकही होता. दुसरा पॅट प्रॉफ्ट. 'पोलीस अकॅडमी', 'नेकेड गन'चे पहिले तीन भाग, 'हॉट शॉट्स'चे दोन्ही, पुढे 'स्केरी मूव्ही ३' आणि '४'. एवढी कारकीर्द, पण विनोदी पटकथाकारांची नावं घेताना याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. माझं म्हणणं, हा मोठा लेखक आहे. कुणाला पटत नसेल तर बोला.

खवट
बोलतो. ज्याला पात्र उभं करता येत नाही, तो स्पूफ, म्हणजे गाजलेल्या चित्रपटांचं विडंबन, लिहितो. कथा दुसऱ्याची, प्रसंग दुसऱ्याचे, चौकट दुसऱ्याची. यांनी त्यात फक्त केळ्याची सालं टाकायची. तुमच्या बोटीच्या प्रसंगाला हसायचं तर आधी दोन चित्रपट पाहिलेले हवेत आणि ते दोघं बाप-लेक आहेत हेही माहीत हवं. यातलं एक जरी हुकलं तरी समोर उरतात दोन बोटी.

आणि 'पोलीस अकॅडमी' (१९८४) त्याच्या खात्यावर टाकताना जरा जपून. मूळ कल्पना निर्माता पॉल मॅस्लान्स्कीची, पटकथेवर नील इझ्रेल आणि प्रॉफ्टसोबत दिग्दर्शक ह्यू विल्सनचंही नाव आहे. पुढे सहा भाग आले, तिकडे तर हे नुसते 'मूळ पात्रांचे जनक'.

अर्धी बाही
@खवट, 'एअरप्लेन!' (१९८०) पाहून हसला होतात की नाही? तो १९५७ च्या 'झीरो अवर!'वरून घेतलाय, रीतसर हक्क विकत घेऊन. नायकाचं नावसुद्धा बदललं नाही. 'झीरो अवर!' पाहिलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत आहे का? माझ्या नाही. तरी लोक लोळतात. केशवकुमारांची विडंबनं वाचून हसणाऱ्यांतल्या कितीजणांनी मूळ कविता वाचलेल्या असतात?

खवट
माझ्याच मुद्द्याला बळ दिलंत. 'एअरप्लेन!' टिकला कारण त्यात एका अख्ख्या चित्रपट-प्रकाराची खिल्ली आहे: घामेजलेला वैमानिक, कंट्रोल टॉवरमधला करारी अधिकारी. पण 'एअरप्लेन!' अब्राहम्स आणि दोघा झकर बंधूंचा. प्रॉफ्ट त्यात लेखक नाही. 'स्केरी मूव्ही ३' (२००३) घ्या. त्यात 'द रिंग' आणि 'साइन्स'ची टर उडवलीय, दोन्ही २००२ चे. वर्षभरापूर्वीचं हिट उचला, त्यावर चार फटके मारा, मोकळे व्हा. आज तो चित्रपट शिळ्या वर्तमानपत्रासारखा वाटतो.

तिसरी घंटा
'स्केरी मूव्ही'ची वकिली मी करणार नाही. पण पात्र उभं करता येत नाही, हे मुळीच मान्य नाही. 'द नेकेड गन' (१९८८) मधला बेसबॉलचा सामना आठवा. राणी एलिझाबेथ प्रेक्षकांत बसलीय. खेळाडूंपैकी कुणीतरी तिला मारणार आहे, आणि तेही सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत. पोलीस अधिकारी फ्रँक ड्रेबिनला (लेस्ली निल्सन) झडती घ्यायला मैदानात शिरायचंय, म्हणून तो आधी ऑपेरा गायक बनून राष्ट्रगीताची वाट लावतो आणि मग पंचाच्या वेशात उभा राहतो.

इथून पुढे नीट पाहा. पहिला 'स्ट्राइक', म्हणजे फलंदाजाविरुद्धचा निर्णय, तो चाचरत देतो, कारण त्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. प्रेक्षक एकदम गरजतात. ती गर्जना या माणसाला चढते! दुसऱ्या वेळी आवाज वाढतो, मग हातवारे येतात, मग थेट नाच. राणीचा जीव टांगणीला लागलाय आणि याला टाळ्यांची चटक लागलीय. शिवाय डाव संपू द्यायचा नाही म्हणून निर्णय धडधडीत उलटे देणं चालूच. ध्येय आहे, घड्याळ आहे आणि स्वभाव आहे. पटकथेत आणखी काय लागतं?

खवट
प्रसंग उत्तम. श्रेय चौघांचं: दोन झकर, अब्राहम्स आणि प्रॉफ्ट. प्रॉफ्टचा चतुर्थांश कोणता, दाखवा.

उत्तररात्र
ते कुणालाच दाखवता येणार नाही. असं लेखन खोलीत बसून होतं. एक जण वाक्य टाकतो, दुसरा ते मोडतो, तिसरा मोडलेल्यावर अजून एक चढवतो. पण १९९१ चा उन्हाळा बघा. तोवर तिघांच्या वाटा वेगळ्या झालेल्या. जेरी झकर 'घोस्ट' करून गंभीर चित्रपटांकडे वळला होता. डेव्हिड झकरचा 'नेकेड गन २½' जूनअखेर आला, अब्राहम्सचा 'हॉट शॉट्स!' जुलैअखेर. दोन वेगळे दिग्दर्शक, दोन वेगळे स्टुडिओ, आणि दोन्हींत सहलेखक एकच: प्रॉफ्ट. तो नुसता पुरवठादार असता तर वेगळे झालेल्या दोघांनीही त्यालाच कशाला धरून ठेवलं असतं? दुसरे विनोद लिहिणारे लॉस एंजेलिसमध्ये मिळत नव्हते का?

अर्धी बाही
हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

खवट
मुद्दा चांगला आहे, नाकारत नाही. आता माझा. १९९८. 'राँगफुली अक्यूज्ड'. लेखक प्रॉफ्ट, दिग्दर्शकही प्रॉफ्ट, मध्ये कुणी झकर नाही, अब्राहम्स नाही. लेस्ली निल्सन नायक, टर 'द फ्युजिटिव्ह'ची. साहित्य सगळं तेच, तरी भट्टी बिघडलेली. एकट्याने लिहिताना तरी त्याचा गुण दिसायला हवा होता ना?

उत्तररात्र
बिघडली, पण ती लेखनात की दिग्दर्शनात? 'एअरप्लेन!'च्या वेळी निल्सन गंभीर भूमिका करणारा नट होता. १९७२ च्या 'पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये तो जहाजाचा कप्तान आहे. म्हणून तर घेतला. डेव्हिड झकरचा एक नियम प्रसिद्ध आहे: विनोदावर विनोद चढवायचा नाही. मागे गोंधळ चालू असेल तर पुढच्या नटाने चेहरा दगडासारखा ठेवायचा, नाहीतर दोन्ही विनोद एकमेकांना खातात. १९९८ पर्यंत निल्सनला आपण विनोदी आहोत हे पक्कं माहीत झालं होतं आणि ते त्याच्या भुवयांत दिसतं. त्याला आवरणं कागदाचं काम नाही, दिग्दर्शकाचं आहे.

खवट
म्हणजे पास झाला तर लेखक हुशार, नापास झाला तर दिग्दर्शक कच्चा. इथे दोघं एकच माणूस आहे हो!

तिसरी घंटा
दोन कामं करणारा माणूस एकात चांगला आणि दुसऱ्यात बेताचा असू शकतो. मी त्याला लेखक म्हणतोय. 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका १९८२ मध्ये सहा भागांत बंद पडली, तिच्या लेखकांतही प्रॉफ्ट होता. वाहिनीच्या प्रमुखाची तक्रार काय, तर ही मालिका समजायला ती बघावी लागते! म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात काय चाललंय तेही पाहावं लागतं. तोच ड्रेबिन सहा वर्षांनी मोठ्या पडद्यावर चालला, कारण अंधारात बसलेला माणूस दुसरीकडे कुठे बघणार?

खवट
बरं, बोटीचा प्रसंग आत्ता शोधून पाहिला. हसलो. मत आहे तिथेच आहे.

अर्धी बाही
त्याच चित्रपटात नायकाचे बाण संपतात आणि तो धनुष्याला जिवंत कोंबडी लावून सोडतो. त्याला हसायला तरी आधी काही पाहिलेलं लागत नाही ना?

खवट
नाही लागत. आता कोंबडी अब्राहम्सची की प्रॉफ्टची, ते सांगा.