मोबाइलवर नीटची (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी होत असेल तर पोराला लातूरला कशापायी धाडायचं?

कोरडवाहू (केज)

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं पोराच्या बापाला एकच विचारतात, क्लासला कुठं धाडणार, "लातूर का नांदेड?" घरी राहूनच अकरावी-बारावी करणार म्हणलं की पोरगं नापास झाल्यासारखं तोंड करतात.

माझा पुतण्या यंदा अकरावीला. क्लासची फी, खोली, मेस, टेस्ट सिरीज असा दोन वर्षांचा हिशेब मांडला तर भावाच्या वर्षभराच्या सोयाबीनला तो झेपत नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला, आडतीवर तेवढा ज्याला मिळाला त्यानं हात वर करावा.

माझं म्हणणं एवढंच, की लातूरची गरज होती तेव्हा होती. फिजिक्सचा चांगला सर तिथंच होता म्हणून पोरं तिकडं जायची. 2016 ला जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासचा सर वाडी-तांड्यावर पोचला. हॉलभर पोरांत उठून "सर, परत सांगा" म्हणायची खेड्यातल्या पोराची छाती होत नाही. मोबाइलवर तेच लेक्चर चारदा मागं घेऊन बघता येतं, कुणी हसत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, 2019 ला छापून आला. साडेचार महिन्यांत ती मुलं गणितात इतरांच्या स्पष्ट पुढं गेली, कारण सॉफ्टवेअर प्रत्येकाची पातळी बघून गणित देत होतं. नववीच्या पोराला पाचवीचं येत नसेल तर पाचवीपासून. हे लातुरातला कुठला क्लास करतो? तिथं तर पहिल्याच महिन्यात बॅचेस पाडून मोकळे.

मांजराकाठ (लातूर)

दादा, तुम्ही लातूर पॅटर्न म्हणजे लेक्चर समजू लालेत, तिथंच गडबड आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजनी नाव काढलं ते भाषणं ठोकून नाही, पेपर सोडवून घेऊन. तेच तेच पेपर, पुन्हा तपासणी, पुन्हा पेपर. बोर्डाची मेरिट लिस्ट गेली, मेडिकलची सीईटी गेली, नीट आली, तरी गाभा तोच राहिला.

मी स्वतः औसा रोडला खोली करून राहिलोय. रविवारी सकाळी टेस्ट, ओएमआरवर (यंत्रानं तपासायच्या उत्तरपत्रिकेवर) गोळे भरायचे, संध्याकाळी मार्क थेट बापाच्या मोबाइलवर. खोलीतले तिघं जागे असले की चौथ्याला झोपायची लाज वाटते. हे ॲपमध्ये कुठून आणणार? लेक्चर चारदा मागं घेता येतं हे खरं, पण पुढंही ढकलता येतं. उद्या बघू, परवा बघू, परीक्षेच्या महिन्यात दीडपट वेगानं बघू. आणि बघताना सगळं कळतंय असं वाटतं, ते तर सगळ्यात वाईट.

तुमच्या दिल्लीच्या अभ्यासाचं म्हणाल तर तो पुरता वाचा. ती मुलं घरी गादीवर पडून नव्हती. शाळा सुटल्यावर केंद्रात यायची, 45 मिनिटं संगणक आणि 45 मिनिटं समोर शिकवणारा माणूस, तोही बारा-पंधरा मुलांच्या गटाला. म्हणजे तो क्लासच झाला की.

कोरडवाहू

मग माणूस बारा-पंधरांना एक द्या ना! दीडशेला एक देऊन वर फी घेता. बाकी तुमच्या बोलण्यावरून कळलं ते असं, की आपण दोन वर्षांचं सोयाबीन धाकासाठी घालवायचं. धाक आमच्या घरीही आहे, त्याला जीएसटी लागत नाही.

रसायनवाली (अंबाजोगाई)

ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. तुम्ही दोघंही व्हिडिओत अडकलात. पोरं त्याच्या पुढं गेलीत. आता ती गणिताचा फोटो काढून एआयला विचारतात.

अकरावीच्या पहिल्याच धड्यातलं उदाहरण घ्या. 10 ग्रॅम हायड्रोजन, 64 ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती तयार होईल? वजनं बघून जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. मोलमध्ये मोजलं की हायड्रोजन 5 आणि ऑक्सिजन 2. दोन मोल ऑक्सिजनला चारच मोल हायड्रोजन पुरतो, म्हणजे संपतो ऑक्सिजन, आणि पाणी 72 ग्रॅम. "आधी कोण संपेल" यात एकदा फसल्याशिवाय हा धडा डोक्यात बसत नाही, हा माझा अनुभव. यंदा गृहपाठात सगळ्यांचं 72 आलं, उत्तराभोवती चौकटसुद्धा. चाचणीत नुसते आकडे बदलले तर निम्म्या पोरांनी पुन्हा वजनच बघितलं. फसायची पाळी घरी आलीच नव्हती, ती परीक्षेत आली.

तुर्कस्तानात जवळपास हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणितात हेच तपासलं गेलं. साधा चॅटबॉट हाताशी दिलेल्यांचा सराव 48 टक्क्यांनी सुधारला. चॅटबॉट काढून परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती मुलं 17 टक्क्यांनी मागं. पण त्याच प्रयोगात तिसरा गट होता. त्यांच्या चॅटबॉटला सांगून ठेवलं होतं की उत्तर द्यायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. त्या गटाचं नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणून मी यंत्राच्या नावानं बोटं मोडत नाही. पण इशारा देणारं आणि उत्तर देणारं अशी दोन्ही समोर असली तर सोळा वर्षांचं पोरगं कुठलं उघडेल, हे सांगायला प्रयोग नको.

तिसरीचा मास्तर (वडवणी)

सगळे नीटवरच बोलायलेत, म्हणून खालच्या मजल्यावरचं सांगतो.

माझ्या वर्गातली बरीच लेकरं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की कोयता (म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) कारखान्यावर जातो आणि घरातला एकुलता स्मार्टफोन त्याच्यासोबत जातो. लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पुस्तकातले क्यूआर कोड छान आहेत, पण स्कॅन कशानं करायचे? कोरोनात टीव्हीवर "टिलीमिली" लागायची, सह्याद्रीवर. चांगली मालिका होती, ज्यांच्याकडं टीव्ही आणि लाइट दोन्ही एकाच वेळी असायचे त्यांनी बघितली. आमच्या गावाकडची पाचवीपासून पुढची शाळा ऑक्टोबर 2021 ला उघडली, आमची लहान त्याच्याही नंतर. पोरं परत आली तेव्हा जोडाक्षर पार विसरली होती. फोन ज्याच्या घरी होता तोही.

2024 च्या असर अहवालात (खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी असते ती) ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं होतं. 82 टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. दिल्लीचं, तुर्कस्तानचं सोडा, हे आपल्या गल्लीतलं आहे.

(आणि शाळेत डिजिटल क्रांती कुठं झाली म्हणाल तर मास्तरच्या फोनमध्ये. खिचडीची हजेरी, यू-डायसवर शाळेची माहिती, आधार पडताळणी. शिकवायला उभा राहिलो की ओटीपी येतो.)

गोदाकाठची (गंगाखेड)

सर, 76 टक्के मीही वाचलंय. पण 57 हा आकडा तुम्हाला कमी वाटतोय, मला नाही. तशीच मीही होते.

आमच्या घरात "लातूर का नांदेड" हा प्रश्न दादासाठी निघाला. माझ्यासाठी निघालाच नाही. बारावीनंतर दोन वर्षं घरी होते. रात्री भांडी झाली की दादाचा जुना फोन, काच तडकलेला, चार्जरला लावूनच चालायचा. त्यावर बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सगळं फुकटातल्या व्हिडिओंवर. आता सरकारी नोकरीत आहे. परीक्षा संगणकावर होती आणि माउस त्याआधी फारसा हातात धरला नव्हता, तर तालुक्याला एका कॅफेत तासाचे पैसे देऊन सराव केला.

त्यामुळं "खोलीतले तिघं जागे असले की" वगैरे वाचताना मला थोडं हसू येतं. मांजराकाठ दादा, ती खोली मिळणं हाच मोठा मान होता. आणि कोरडवाहू काका, तुम्ही म्हणता घरी करू. पुतण्या आहे म्हणून जमेल. पुतणी असती तर लेक्चर चालू असताना "अगं, तेवढं पीठ मळून घे" अशी हाक आली असती. पॉजचं बटण आमच्याकडं आईच्या हातात असतं.

बालाघाटचा वारा (धारूर)

एक शंका. कोट्याचा सर कुठल्या भाषेत शिकवतो? हिंदीत. आमचा आजा निजामाच्या राज्यात उर्दूत गणित शिकला, नातू हिंदीत फिजिक्स शिकू लालाय. नीटचा पेपर 2017 पासून मराठीतबी मिळतो म्हणे. मराठीत त्या तोडीची लेक्चरं किती आहेत ते सांगा, मग ॲप घेतो.

मांजराकाठ

@गोदाकाठची, ताई, तुमच्याबद्दल मान आहे. पण तुमच्यासारखी जिद्द असलेलं एक पोरगं दाखवून बाकीच्या नव्याण्णवांना घरी बसवायचं का? ज्याला स्वतःहून उठता येतं त्याला फोनही चालतो आणि कंदीलही. प्रश्न न उठणाऱ्याचा आहे.

गोदाकाठची

लातूरला जाऊन न उठणारे किती असतात तेही सांगा की. बॅनरवर फक्त लागलेल्यांचे फोटो असतात. आणि जिद्द मला जन्मतः नव्हती, दुसरा रस्ताच नव्हता.

बालाघाटचा वारा

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 ला तिथं ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. आपल्याकडं भोंगा वाजवायला त्या वेळेला लाइट पाहिजे, तेवढीच अडचण.

कोरडवाहू

सगळ्यांचं वाचलं. माझं मत तेच आहे. शिकवणं विकत घ्यायला लातूरला जायचं काही कारण उरलेलं नाही. मॅडमचा मुद्दा मात्र पटला, आता पुतण्याच्या अभ्यासाच्या ॲपमधला फोटो काढून उत्तर देणारा भाग बंद करता येतो का ते बघतो. टेस्टचं काय करावं तेवढं सांगा. ऑनलाइन टेस्टमध्ये पोरगं दुसऱ्या खिडकीत उत्तर शोधतंय का, हे भावाला कळणार नाही.

रसायनवाली

ऑनलाइन टेस्ट देऊच नका. 2025 ची नीट कागदावरच झाली, 180 प्रश्न, 180 मिनिटं, बॉलपेन. जुने पेपर छापून घ्या, ओएमआरच्या कोऱ्या प्रती मिळतात. एका बैठकीत बसवा, दुपारी 2 ते 5, कारण ती परीक्षाही त्याच उन्हात झाली. उत्तरसूची तुमच्याकडं, पोराकडं नाही. फोन दुसऱ्या घरात. चुकलेला प्रश्न आधी त्यानं स्वतः सोडवायचा, मग व्हिडिओ. आणि एकटा बसवू नका, गावातली अजून चार पोरं गोळा करा.

मांजराकाठ

म्हणजे लातूर पॅटर्नच. फक्त लातूर वगळून.

कोरडवाहू

आणि फी वगळून. चार पोरं मिळतील, दोन पोरीही आहेत. पण सलग तीन तास शांत जागा घरात नाही, देवळात भजन असतं.

तिसरीचा मास्तर

तुमच्या गावच्या झेडपीच्या हेडमास्तरांना विचारा, रविवारी खोली उघडून देतील. आम्ही देतो. पंखा चालेल याची खात्री नाही, आणि बेंच तिसरीच्या मापाचे आहेत, उंच पोरगं असेल तर सतरंजी आणायला सांगा.