सराफ्यातून आलो की बसतो!

'दबाव आला की अभ्यास चांगला होतो' असं म्हणत अभ्यास शेवटच्या रात्रीवर ढकलणाऱ्यांनो, हे तुमचं वाक्य मीही इंदूरला कॉलेजात असताना रोज म्हणायचो. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन येऊ, मग बसू. परतेपर्यंत एक वाजलेला. (कीस मात्र वसूल!)

टाइस आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात चालढकल करणारी मुलं सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होती, दुखणीही कमी. सत्र संपताना मात्र ताण नि दुखणी त्यांनाच जास्त, वर गुणही कमी. म्हणजे आधीचा निवांतपणा उधारीचाच.

माझा प्रोजेक्ट रिपोर्ट असाच एका रात्रीत उरकला. सकाळी पोहे-जलेबी हाणून जमा केला, तर दोन आकृत्यांखाली मित्राचंच नाव तसंच राहिलेलं.