मदत हवी आहे : बामणोली-तापोळा भागात चित्रं काढायला निवांत खोली

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, जलरंगात निसर्गचित्रं करतो. घर भर पेठेत, खाली दुकानं, दिवसभर टेम्पो आणि हॉर्न. आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा पसरट थर) ओला असतानाच ढग सोडावे लागतात. तेवढ्यात दारावरची बेल वाजली की कागद वाळतो, ढगाची कडा कडक उमटते आणि मग ते चित्र सावरत नाही.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवस शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी राहायचंय. कास पठारावर फुलांच्या हंगामात गर्दी फार, आणि पावसात तिकडे कागद वाळतच नाही, उलट बुरशीचे ठिपके धरतो. कोयनेचं ते पाणी सकाळी धुक्यातून उघडताना सलग बघायची फार वर्षांची ओढ आहे.

रिसॉर्ट नको, स्पीकर लावणारे कॅम्प तर नकोच. गावातल्या कुणाच्या घरी साधी खोली (उत्तरेला खिडकी असली तर उत्तमच) आणि दोन वेळची भाकरी-आमटी, एवढं पुरे. कुणाच्या ओळखीत आहे का? साताऱ्याहून बामणोलीची एसटी सध्या किती वाजता सुटते? पलीकडच्या गावांना लाँच रोज असते का? वाईजवळचा मेणवलीचा घाटही मनात आहे, पण तिथे शूटिंगची वर्दळ कितपत असते? खर्चाचा अंदाजही कळवा, प्लीज.