गळ्याची आग न होता गुळगुळीत दाढी: कुठला सेफ्टी रेझर घ्यावा?

खरखरीत
पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडून दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घ्यायचा आहे. केस जाड आणि दाट, दाढी दिवसाआड. गालांची तक्रार नाही. गळ्यावर मात्र कंठमण्याच्या खाली दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठतं आणि काही केस कातडीच्या आतच वळतात. यादीत सध्या मर्कुर 34सी, म्यूले आर89, रॉकवेल 6सी आणि पार्करचा बटरफ्लाय (दांड्याचं टोक फिरवलं की वरची दोन दारं उघडतात तो) आहेत. यातला कुठला घ्यावा? दांडा लांब बरा की आखूड? आणि फेदरची पाती सगळ्यांत धारदार म्हणतात, मग सुरुवातीपासून तीच लावावीत का?

दुधारी
दांडा आणि चकाकी तूर्त बाजूला ठेवा. दाढी कशी होणार हे रेझरच्या डोक्यावर ठरतं, म्हणजे वरची टोपी आणि खालची प्लेट मिळून पातं कसं धरतात त्यावर. पातं जेमतेम 0.1 मिमी जाड असतं. त्याला दोन्हीकडून नीट आधार मिळाला नाही तर जाड खुंटाला लागताच ते थरथरतं. जाड केसवाल्यांना 'ओढल्यासारखं' वाटतं ते पुष्कळदा यामुळे. धार कमी असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट गॅप, म्हणजे पात्याची धार आणि खालचा सेफ्टी बार (धारेखालची, कातडीवर टेकणारी पट्टी) यांतलं अंतर. लोक फक्त हाच आकडा बघून रेझर सौम्य की आक्रमक ते ठरवतात, आणि तिथेच फसतात. टोपीचं टोक आणि सेफ्टी बारची कड यांना जोडणारी एक सरळ रेघ मनात धरा. धार त्या रेघेच्या बाहेर डोकावत असेल तर गॅप लहान असूनही रेझर चावतो. धार रेघेच्या आत असेल तर गॅप मोठा असला तरी निभावून जातं.

आता तुमची यादी. 34सी आणि आर89 दोन्ही बंद, म्हणजे दाते नसलेल्या सेफ्टी बारचे, सौम्य ते मध्यम, आणि दोन्ही नवख्या हाताला चालतात. 34सी दोन भागांचा: खालचं बोंड फिरवलं की टोपी सुटते. दांडा आखूड, वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. आर89 तीन भागांचा: टोपी, प्लेट, दांडा. त्याचं आणि एडविन जॅगर डीई89चं डोकं जवळपास एकच आहे, त्यामुळे जो स्वस्त मिळेल तो घ्या. म्यूलेचाच आर41 दिसला तर मोहात पडू नका. तो उघड्या दात्यांचा आणि फार आक्रमक, तुमच्या गळ्यासाठी नाहीच.

रॉकवेल 6सीत तीन प्लेटा येतात आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणजे सहा सेटिंग. गालाला एक आणि गळ्याला एक असं ज्यांना हवंय त्यांच्यासाठी हा सरळ पर्याय आहे. तुमच्या केसांना 3 नंबरापासून सुरुवात करा. गळा तक्रार करत असेल तर 2. 5 आणि 6 महिनाभर तरी डब्यातच राहू द्या. माझं मत विचाराल तर तुम्हाला रॉकवेल.

साबणचुरा
दुधारींशी बाकी सहमत, पण प्लेटा बदलत बसण्याचा कंटाळा येणारेच जास्त. मग सहापैकी एकच सेटिंग वर्षभर वापरलं जातं. त्यापेक्षा आर89 घ्या आणि हात बसवा.

बटरफ्लायबद्दल: पातं बदलायला सोपा, पण दारांच्या सांध्यात साबणाची पुटं साचतात. मग दारं पूर्ण मिटत नाहीत, पातं एका बाजूला जास्त बाहेर येतं, आणि एकच गाल का सोलवटतो हे कळत नाही. घेतलाच तर आठवड्यातून एकदा गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश. महिन्यातून एकदा फिरणाऱ्या भागाला तेलाचा एक थेंब.

धातूही बघून घ्या. 34सी, आर89, 6सी या सगळ्यांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची आणि वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर वर्षानुवर्षं चालतात, पण आटे फार आवळले तर झिजतात, आणि रेझर फरशीवर पडून मुलाम्याला टवका गेला की तिथून गंज धरतो. पुटं काढायला व्हिनेगरमध्ये भिजवू नका, आम्ल जस्त खातं. आयुष्यभराचीच गोष्ट असेल तर स्टीलचा 6एस आहे. प्लेटा तशाच, किंमत बरीच वर.

कंठमणी
रेझरआधी गळ्याचं बोला. पुरळ तिथेच का, याचं कारण बहुतेक वेळा केसांचा रोख असतो. दाढी दीड-दोन दिवसांची वाढू द्या आणि कोरड्या गळ्यावर बोट चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने बोट सुळकन जातं तो रोख, जिकडे खरखर लागते ती उलट बाजू. गालावर रोख सहसा वरून खाली असतो. कंठमण्याच्या खाली मात्र पुष्कळांचे केस खालून वर किंवा कानाकडे आडवे उगवतात. अशा गळ्यावर वरून खाली रेझर ओढला की पहिल्याच हाताला उलटी दाढी होते, आणि आपण समजतो सुलटी केली. कागदावर गळ्याचं चित्र काढून बाण मारून ठेवा, आठवडाभर आरशाशेजारी चिकटवा.

त्यात कार्ट्रिजची भर. पहिलं पातं केस जरा वर खेचतं, मागचं कापतं, आणि केसाचं टोक कातडीच्या खाली जाऊन बसतं. जाड किंवा कुरळा केस तिथून सरळ बाहेर न येता आत वळतो. एकच पातं कातडीच्या पातळीला कापतं म्हणून फरक पडतो, रेझर महाग आहे म्हणून नाही.

पहिले तीन आठवडे गळ्यावर फक्त दोन हात, म्हणजे सगळ्या गळ्यावरून दोनदाच रेझर: एक रोखाच्या दिशेने, दुसरा आडवा. दर वेळी नवा फेस. उलटा हात मारायचाच नाही. थोडी खरखर राहील, राहू द्या. पुरळ उठलेलं असेल त्या दिवशी तिथे रेझर लावू नका. पू धरणाऱ्या किंवा टणक गाठी होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, तिथे रेझर बदलून भागत नाही.

खरखरीत
बोट फिरवून पाहिलं. कंठमण्याच्या डावीकडे केस चक्क उजव्या कानाकडे जातात! आर89वर मन बसतंय. कोन कसा धरायचा? आणि आमच्याकडे बोअरचं पाणी, फेस दोन मिनिटांत मोडतो.

दुधारी
कोन मोजायचा नसतो, शोधायचा असतो. फेस लावलेल्या गालावर टोपी सपाट टेकवा, दांडा कातडीशी काटकोनात राहील. आता रेझर हलका पुढे नेत दांडा सावकाश खाली झुकवत या. ज्या क्षणी केस कापल्याचा करकर आवाज येतो तो तुमचा कोन. पातं आणि कातडी यांत साधारण 30 अंश भरतात. तिथून दांडा आणखी खाली झुकवलात तर धार खरवडायला लागते. एका वेळी रेझर 2-3 सेंटिमीटरच ओढा. दोन-तीनदा ओढला की रेझर उलटा करून दुसरी धार, मग मगात खळबळून घ्या. दाब शून्य, डोक्याचं वजन पुरेसं आहे. कार्ट्रिजची सवय असलेला हात दाबतोच, म्हणून दांडा मुठीत न धरता टोकाकडे तीन बोटांत धरा. दांड्याच्या लांबीचा तुमचा प्रश्नही यातच आला: मोठा पंजा असेल तर लांब, नाहीतर कुठलाही.

पातं घातल्यावर दोन्ही बाजू उजेडात धरून बघा. धार दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. नसेल तर पाव फेरा ढिला करा, पात्याच्या आखूड कडा धरून सरळ करा, टोपी सपाट दाबून धरत पुन्हा आवळा. 34सीबद्दल 'पातं तिरकं बसतं' ही ओरड नेहमी ऐकू येते, त्यावरही हाच इलाज.

साबणचुरा
जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका करतं, फेस मोडतो तो त्यामुळे. तोंड बोअरच्या पाण्याने धुवा, पण फेसापुरतं वाटीभर आरओचं पाणी घ्या. क्रीम बदामाएवढं, ब्रश झटकून ओलसर, आणि चेहऱ्यावर मिनिटभर गोल फिरवत पाणी थेंबाथेंबाने वाढवा. फेस घोटलेल्या दह्यासारखा चमकदार दिसला की झालं. फुगीर, बुडबुड्यांचा फेस दिसायला भरगच्च, पण त्यात ओल नसते आणि पातं अडकतं. त्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजवणं जाड केसाला चुकवू नका.

शेवटी तुरटी. ओल्या चेहऱ्यावर खडा एकदा फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. जिथे जास्त झोंबेल तिथे दाब जास्त पडला, पुढच्या वेळी ती जागा सांभाळा.

खुंट
पात्यांचं राहिलं. फेदर आत्ता नको. ते पातं वाईट नाही, पण हाताची प्रत्येक चूक रक्ताने दाखवतं. ॲस्ट्राची हिरवी किंवा सेव्हन ओ'क्लॉक यांतलं एक पाकीट घ्या आणि ते संपेपर्यंत रेझर, साबण, पातं काहीही बदलू नका. तिन्ही एकदम बदललं तर गळा कशामुळे सुधारला की बिघडला ते कळणार नाही. जाड केसांना एक पातं चार-पाच दाढ्या. खेचल्यासारखं झालं की लगेच नवं. धार कपड्याने पुसू नका, वरचा पातळ लेप जातो. नुसतं धुऊन झटका.

अवांतर: वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. जुन्या पावडरच्या डब्याला वरून चीर पाडा, त्यात टाकत जा, भरला की चिकटपट्टी लावून वेगळा द्या. आणि विमानाने जाताना पाती चेक-इन सामानात, केबिन बॅगेत चालत नाहीत. रेझरमध्ये बसवलेलं पातंही आठवणीने काढा.