विषय: सिएना की ओडिसी, आणि डीलरशी बोलायचं कसं?

अश्विनी, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आमच्याकडे दुसरं बाळ येतंय आणि जूनमध्ये सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी. २०१३ च्या कोरोलात दोन कार सीट लावल्या की मधल्या जागेत कोथिंबिरीची जुडी तेवढी बसते. म्हणून नवी व्हॅन घ्यायची आहे. मनात टोयोटाची सिएना आहे, होंडाची ओडिसीही चालेल.

शनिवारी रूट २२ वरच्या एका डीलरकडे गेलो होतो. मी किंमत विचारली, तर त्याने मलाच विचारलं, महिन्याला किती झेपेल? मी म्हटलं, आधी किंमत सांगा. मग त्याने कोरा कागद घेतला, मधोमध मोठं अधिकचं चिन्ह काढलं आणि चार चौकोनांत आकडे लिहीत सुटला. दर पाच मिनिटांनी उठून 'मॅनेजरला विचारून येतो'. अडीच तास बसलो, त्यात मोठीने तिथलं सगळं फुकटचं पॉपकॉर्न संपवलं. बाहेर आलो तरी गाडीची किंमत कळली नव्हती ती नव्हतीच. नवरा म्हणतो, पाचशे ऐंशीचा हप्ता म्हणजे ठीकच आहे की.

अलीकडे कुणी व्हॅन घेतली आहे का? किती सूट मिळते? स्पष्ट सांगा, मला घासाघीस अजिबात जमत नाही. तुळशीबागेतसुद्धा आई बोलायची, मी पिशवी धरायचे.

अश्विनी, एडिसन (न्यू जर्सी)

मिलिंद, मंगळवार सकाळी

अश्विनी, अभिनंदन! (बाळाचं. गाडीचं अजून नाही.)

त्या चार चौकोनांना इथे फोर-स्क्वेअर म्हणतात आणि ती फार जुनी खेळी आहे. एका चौकोनात गाडीची किंमत, दुसऱ्यात तुमच्या जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात डाऊन पेमेंट, चौथ्यात हप्ता. तुम्ही एक चौकोन दाबलात की तो दुसरा फुगवतो. जुन्या गाडीचे पाचशे वाढवून दिले म्हणून तुम्ही खूश, तोवर किमतीत तेच पाचशे परत आलेले असतात. चार चेंडू एकदम हवेत असले की आपली नजर एकावरच राहते, आणि तो एक नेमका हप्ता असतो.

तुझ्या यजमानांना सांग, ३५,००० डॉलरचं कर्ज ६ टक्क्यांनी ६० महिन्यांत फेडलं तर हप्ता ६७७ येतो. ७२ महिने केले की ५८०. ऐकायला शंभराची सूट वाटते, पण शेवटी सुमारे ११६५ डॉलर जास्त जातात. म्हणून 'महिन्याला किती' या प्रश्नाला आमच्या घरी एकच उत्तर ठरलेलं आहे: "ते आमचं आम्ही बघू, तुम्ही आउट-द-डोअर सांगा." म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक फी (डीलरची कागदपत्रांची फी), सगळं धरून गाडी दाराबाहेर काढायला लागणारा एकच आकडा.

हा आकडा तिथे बसून मागायचा नाही, ईमेलने मागायचा. प्रत्येक डीलरकडे इंटरनेट सेल्सवाला माणूस असतो. तास-दीड तासाच्या अंतरातले पाच-सहा डीलर काढ. त्यांच्या साइटवरून नेमकी गाडी निवड, तिचा स्टॉक नंबर लिही आणि सगळ्यांना एकच मजकूर पाठव: ही गाडी, या झिपकोडला रजिस्टर होणार, ट्रेड-इन (जुनी गाडी त्यालाच देणं) सध्या नाही, आउट-द-डोअर किंमत बाबवार लिहून पाठवा, या आठवड्यात घेणार आहे. निम्मे जण 'कधी येताय?' एवढंच विचारतील. त्यांना सोडून दे. आकडा पाठवतील त्यांच्याशीच पुढे बोलायचं. आणि फॉर्मवर खरा फोन नंबर देऊ नकोस. मी एकदा दिला होता, तीन आठवडे भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली.

आता सूट किती? गाडी बघून. सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड येते आणि लॉटवर, म्हणजे डीलरच्या आवारात, फार दिवस उभी राहत नाही. ती स्टिकरच्या, म्हणजे खिडकीवर छापलेल्या भावात, वर काही न चिकटवता मिळाली तरी मी घेईन. ओडिसीत जागा असते, नीट मागितली तर दोन-तीन हजार खाली येऊ शकतात. पण हिशेब पुढचाही कर. सिएना गॅलनला ३६ मैल देते, ओडिसी २२. वर्षाला १२,००० मैल आणि गॅस (पेट्रोल) गॅलनला तीन डॉलर धरला तर वर्षाला सव्वासहाशेचा फरक पडतो. ओडिसीवर मिळालेली सूट पाचेक वर्षांत पंपावर परत जाते. उलट ओडिसीच्या मधल्या सीट काढून ठेवता येतात, सिएनाच्या येत नाहीत. तुम्ही ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून एका वेळी तांदळाची किती पोती आणता यावर आहे.

जाता जाता, न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा रविवारी जा. लॉट उघडा असतो आणि मागे लागायला कुणी नसतं. शांतपणे खिडकीवरचे स्टिकर वाच. मुख्य स्टिकर १९५८ च्या कायद्याने लावावाच लागतो, मॉनरोनी नावाच्या सिनेटरचा कायदा. त्याच्या शेजारी डीलरने स्वतःचा दुसरा कागद चिकटवला असेल तर फोटो काढ. टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर कोरलेला नंबर, दाराच्या कडेला प्लास्टिकची पट्टी, असली सगळी खोगीरभरती त्यात असते.

मिलिंद

शरदकाका, मंगळवार दुपारी

चि. अश्विनी,

मिलिंदचं सगळं वाचलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. १९९२ साली मी कॅमरी घेतली तेव्हा एडमंड्सची भावाची पुस्तिका मिळायची. ती खिशात घालून महिनाअखेरीला संध्याकाळी सात वाजता गेलो. त्याला गाडी केवढ्याला पडली हे पुस्तिकेत लिहिलेलं, त्यावर दोनशे देतो म्हटलं. तो हसला. मी उठलो. पार्किंगपर्यंत पोचलो आणि तो मागून पळत आला. ती गाडी दोन लाख तीस हजार मैल चालली.

ईमेलवर सौदा म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल. समोर बसून माणसाच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय भाव ठरत नाही. महिनाअखेर गाठ, त्यांचं टार्गेट असतं. आणि मुलीला सोबत ने. मूल रडायला लागलं की ते लवकर मिटवतात.

शरदकाका

सुनील, मंगळवार दुपारी

कृपया मला या लिस्टवरून काढा. आम्ही २०१९ लाच डॅलसला आलो.

लिस्ट सांभाळणारा, मंगळवार संध्याकाळी

सुनील, प्रत्येक मेलच्या तळाशी लिंक आहे हो. आणि 'गुढीपाडवा जेवण: श्रीखंड किती किलो' या धाग्यात गाडीची उत्तरं देऊ नका, मला शोधून हलवावी लागतात.

मिलिंद, मंगळवार रात्री

शरदकाका, महिनाअखेरीचं अगदी पटलं. त्यात एक भर घालतो. लॉटवरच्या गाड्या डीलरने कर्जावर आणलेल्या असतात, त्यामुळे गाडी उभी राहिली की त्याचं व्याज चढतं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला बनावटीचा महिना लिहिलेला असतो. चार-पाच महिन्यांपूर्वीची गाडी दिसली की समजायचं, हिच्याबाबतीत तो ऐकून घेईल.

पण गाडी केवढ्याला पडली, ते गणित आता तसं सरळ राहिलेलं नाही. इनव्हॉइसच्या (कंपनीने डीलरला लावलेल्या) भावात दिली म्हणजे त्याला काहीच सुटलं नाही असं होत नाही. बऱ्याच कंपन्या विकलेल्या गाडीमागे दोन-तीन टक्के डीलरला नंतर परत देतात, होल्डबॅक म्हणतात त्याला. शिवाय अमुक इतक्या गाड्या विकल्या तर वेगळा बोनस. त्याच्या खिशात किती पडतं ते आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून मी त्याच्या नफ्याशी भांडत नाही, त्याला शेजारच्या डीलरशी भांडायला लावतो.

आणि म्हैस पाण्यात नाही, काका. व्हिन नंबर (त्या एकाच गाडीचा ओळख क्रमांक) मागितला की तिचं दावं आपल्या हातात असतं.

मिलिंद

गौरी, बुधवार सकाळी

अश्विनी, सगळे जण बाहेरच्या टेबलाबद्दल बोलतायत. माझे पैसे तर आतल्या खोलीत गेले!

किंमत ठरली, हात मिळवले, पेढे मनात वाटून झाले, की तुला 'फक्त सह्यांसाठी' एका छोट्या खोलीत नेतात. तिथला माणूस गोड बोलतो, त्याला घाई नसते, आणि तू मात्र चार तास बसून थकलेली असतेस. मुलांना भूक लागलेली. मग तो छापील तक्ता पुढे करतो: वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण, सीटच्या कापडाचं संरक्षण, चावी हरवल्यास विमा. प्रत्येकाचा भाव महिन्यात. "महिन्याला फक्त ३९ डॉलर, मॅम." ३९ म्हणजे नेटफ्लिक्ससारखंच काहीतरी, असं वाटून मी हो म्हटलं. घरी येऊन बघते तर २००० डॉलर कर्जात मिळवलेले, आणि पाच वर्षांत व्याजासकट २३०० च्या वर जाणार. बाहेर सातशे कमी करून घेतले म्हणून आम्ही कॉलर ताठ करून आत गेलो होतो.

तीन दिवसांत गाडी परत करता येते असं मला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं. ते खोटं आहे. डीलरकडे जाऊन सही केलेल्या नव्या गाडीला तसली सवलत नसते. वाढीव वॉरंटी मात्र रद्द करता येते, करारात कलम असतं. मी ती केली. पैसे हातात आले नाहीत, बँकेच्या कर्जात वळते झाले. हप्ता तेवढाच राहिला, शेवटचे काही महिने कमी झाले. डीलरकडून तो कागद काढायला मला सहा फोन लागले.

व्याजाचीही गोम तिथेच आहे. बँक डीलरला एक दर देते आणि तो त्यावर आपला टक्का चढवून तुला सांगतो. हे कायदेशीर आहे. म्हणून आधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांची सहकारी बँकच ती) कर्जमंजुरीचं पत्र घेऊन जा. दाखवू नको, आधी त्याचा दर ऐक.

आणि जुनी कोरोला! किंमत लेखी हातात येईपर्यंत तिचा विषय काढू नको. पण ती बाहेर विकायच्या आधी टॅक्स धर. न्यू जर्सीत ट्रेड-इन वजा करून उरलेल्या रकमेवर ६.६२५ टक्के लागतो. डीलर ६००० देत असेल तर खरे ते सुमारे ६४०० आहेत. कॅलिफोर्नियातल्या माझ्या बहिणीला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांचे सल्ले इथे लावू नकोस.

गौरी

मिलिंद, बुधवार सकाळी

गौरी, नेमकं! डॉक फीचं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये तिला १७५ डॉलरची मर्यादा आहे, आपल्याकडे मर्यादाच नाही. पाचशे-सातशे सहज लावतात आणि 'सगळ्यांना सारखीच' म्हणून कमी करत नाहीत. लावू देत. तेवढे गाडीच्या किमतीतून उतरवून माग. नदीपलीकडे घेतली तरी टॅक्स गाडी जिथे रजिस्टर होणार तिथलाच लागतो, हे लक्षात ठेव.

अश्विनी, पुढच्या शुक्रवारी रात्री

मंडळी, आली!

रविवारी आम्ही दोघं लॉटवर फिरून आलो. थंडी मरणाची, पण शुकशुकाट. एका सिएनाच्या खिडकीवर खरोखर दुसरा कागद होता: १४९५ डॉलर, त्यात पहिलीच ओळ नायट्रोजन. नवरा केमिकल इंजिनिअर आहे. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो यावर त्याने मला परतीच्या वाटेवर पूर्ण व्याख्यान दिलं. तेव्हापासून तो माझ्या बाजूने आहे.

सहा जणांना मेल पाठवल्या. चौघांची उत्तरं आली, त्यातल्या दोघांनीच आकडा दिला. एकाने तो १४९५ वाला कागद धरून. दुसरा चाळीस मैलांवरचा, त्याने स्टिकरचा भाव आणि ५९९ डॉक फी. त्याला मी लिहिलं की सहाशे किमतीतून काढा, मी शुक्रवारी चेक घेऊन येते. त्याने तीनशे काढले. मी दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर दिलं नाही. (खरं सांगू? मुद्दाम नाही, मोठीला ताप होता.) सकाळी त्याचीच मेल, चारशे काढतो, पण आजच हो म्हणा. म्हटलं हो. शरदकाका, पार्किंगपर्यंत चालत न जाता तो मागून पळत आला.

कोरोलाचे कारमॅक्सने (जुन्या गाड्या विकत घेणारी कंपनी) ६७०० सांगितले होते, सात दिवस पक्के. डीलरने आधी ६२०० म्हटलं. मी तो कागद पुढे ठेवला, तो ६५०० वर आला. टॅक्स धरून ते ६९०० च्या वर जातात, म्हणून तिथेच दिली. हे गणित मी त्याच्यासमोर फोनवर करत होते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

गौरी, आतल्या खोलीत तुझी आठवण झाली. तक्ता आला, तोही '३९ फक्त' म्हणाला, अगदी तोच आकडा! मी चार वेळा 'नो, थँक यू' म्हटलं. पाचव्यांदा त्याने विचारलं, बाळ होणार आहे, सीटवर दूध सांडलं तर? मी म्हटलं, सांडेलच. व्याजाचा दर ६.९ टक्के सांगितला. मग क्रेडिट युनियनचं ५.४ चं पत्र काढलं, तो बाहेर जाऊन आला आणि ५.२ म्हणाला. तीस हजारांचं कर्ज आहे. ६.९ आणि ५.४ मध्येच पाच वर्षांत साडेबाराशेचा फरक पडतो. किमतीवरून आठवडाभर मेलामेली केली त्यात चारशे मिळाले, आणि एक कागद पर्समधून काढला त्यात तिप्पट.

एक चूक झाली. फ्लोअर मॅट किमतीत आहेत असं मी धरून चालले होते, मेलमध्ये लिहून घेतलं नव्हतं. नाहीत. कॉस्टकोतून आणणार.

गाडी बाहेर काढताना सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नाशिकहून सूचना देऊन बॉनेटवर स्वस्तिक काढून घेतलं आणि चाकाखाली लिंबं ठेवायला लावली. सेल्समनने विचारलं, हे कितीचं? त्याला अर्धा पेढा दिला.

कोरोलाचे स्नो टायर ट्रेड-इनमध्ये द्यायचे विसरले, चारही बेसमेंटमध्ये पडून आहेत. एकच हिवाळा वापरलेत. कुणाला हवे असतील तर रविवारी पाडव्याच्या कार्यक्रमाला आणते, श्रीखंडाच्या डब्यांशेजारी ठेवू नका म्हणजे झालं.

अश्विनी