हतनूरच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांची शर्यत: खान्देशाने हा खेळ धरावा का?

तापीकाठ (भुसावळ)

मी एका शाळेत खेळ शिकवतो. मागच्या महिन्यात तालुक्याच्या एका बैठकीत विषय काढला की तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पोरांना शिडाची होडी शिकवू, पुढे शर्यती भरवू. उत्तर आलं, "सर, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? हा मुंबईच्या पैसेवाल्यांचा खेळ." लगेच पुढचा विषय सुरू झाला. मला ते फार लागलं, म्हणून इथे मांडतो.

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए 4 (एकटीने चालवायची छोटी शिडाची होडी) प्रकारात रौप्यपदक मिळवलं. ती देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या बड्या तलावावर, मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीत. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेणारी हर्षिता तोमरही त्याच तलावावर घडली. भोपाळला कुठे समुद्र आहे? भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी भोपाळ येतं. मी जाऊन आलो. दहा-बारा वर्षांची पोरं एकेकट्याने होडी पाण्यात ढकलत होती, शीड बांधत होती, आणि कुणी मोठं माणूस हात लावत नव्हतं. तासभर काठावर उभा होतो.

या खेळाचा हिशेबही मला फार आवडतो. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. नेहाच्या अकरा शर्यती झाल्या, बेरीज 32, त्यातली सगळ्यांत वाईट शर्यत, पाच गुणांची, नियमाप्रमाणे वगळली, उरले 27. म्हणजे अकरापैकी एकदाही ती पाचव्याच्या खाली गेली नाही. रोज वारा वेगळा असताना हे जमवायचं. एखाद्या दिवशी नशिबाने पुढे निघून भागत नाही.

आणि वाऱ्याचं काय विचारता? साक्रीच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत.

केळीबाग (रावेर)

सर, तुमची तळमळ कळते, पण मी ठाम विरोधात आहे.

हतनूरचं पाणी कशासाठी आहे? शेतीला, भुसावळला प्यायला, दीपनगरच्या वीजकेंद्राला. धरण गाळाने भरत चाललंय, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. वैशाखात पाणी मागे सरकतं आणि चिखलाला भेगा पडतात. तेव्हा शर्यत कुठे घेणार? पावसाळ्यात पाणी असतं, पण तेव्हा दरवाजे उघडतात. एक्केचाळीस दरवाजे आहेत त्याला. विसर्ग सुरू असताना त्या पाण्यात पोरं पाठवायला माझी छाती होणार नाही, आणि तुमचीही होऊ नये.

पैशाचंही बोला. एका नव्या होडीला काही लाख लागतात. शीड दोन-तीन वर्षांत मऊ पडतं, मग नवं घ्या. तेवढ्यात एका गावाला कुस्तीची मॅट आणि वस्तादाचं मानधन दोन्ही होतं. शिवाय जीव. 1998 साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी ते होबार्ट शर्यतीत वादळ आलं, 115 होड्या निघाल्या, 44 पोचल्या, सहा माणसं मेली. ते लोक आयुष्यभर समुद्रावर राहिलेले होते. आपली पोरं तर विहिरीत पोहणारी.

शिडकरी (चाळीसगाव)

नौदलात वीस वर्षं काढली, त्यातली सहा मुंबई बंदरात शर्यती खेळलो. आता घरी शेती बघतो. मी सरांच्या बाजूने आहे, पण त्यांचं सगळंच मला मान्य नाही.

आधी केळीबाग दादांना. होबार्टची शर्यत 628 सागरी मैलांची आहे, खुल्या समुद्रातली, मोठ्या यॉटची. तलावावरची शर्यत किनाऱ्याच्या नजरेत होते आणि शेजारी बचाव बोट फिरत असते. दोन्हींची भीती एकच धरू नका. खोल समुद्राचं म्हणाल तर आपल्या नौदलातल्या अभिलाष टॉमींचं उदाहरण बघा. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, सप्टेंबर 2018 ला, दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तोच माणूस पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पुन्हा उतरला आणि 236 दिवस एकट्याने समुद्रात काढून 29 एप्रिल 2023 ला दुसरा आला. हे कुणी पोरांना करायला सांगत नाही. या खेळात माणूस कुठवर जाऊ शकतो ते कळावं म्हणून सांगितलं.

आता शर्यत म्हणजे काय ते सांगतो, कारण काठावरून ती फार शांत दिसते.

सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी पहिला इशारा होतो. समितीची बोट आणि एक बुई (पाण्यावर तरंगती खूण) यांच्यामधली नुसती कल्पनेतली रेघ, आणि तिच्यामागे तीस-चाळीस होड्या घिरट्या घालताहेत. होडीला ब्रेक नसतो. शेवटच्या मिनिटाला सगळे एकाच जागेसाठी झगडतात, शिडं फडफडतात, माणसं एकमेकांवर ओरडतात. भोंगा वाजला त्या क्षणी नाक रेघेवर हवं. एक हात आधी गेलात तर मागे फिरून पुन्हा निघा, दोन सेकंद उशीर केलात तर पुढच्यांच्या शिडांनी सगळा वारा खाल्लेला असतो आणि तुम्हाला उष्टा मिळतो.

पहिली बुई वाऱ्याच्या तोंडाला असते. तिकडे सरळ जाता येत नाही, वाऱ्याशी साधारण 45 अंश ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी चढायचं. पाय पट्ट्याखाली अडकवून सगळं अंग होडीबाहेर काढायचं, नाहीतर होडी कलंडते. दहा मिनिटांत मांड्या पेटतात. आणि त्याच वेळी डोकं शांत ठेवून पाणी वाचायचं. जिथे पाण्यावर काळसर लव दिसते तिथे झोत येतोय. तो झोत नेमका आपल्यावर आला, होडी उचलली गेली आणि शेजारचा जागीच राहिला, की जो आनंद होतो तो मला पुन्हा कुठल्याच कामात मिळाला नाही. हे लिहितानासुद्धा हात शिवशिवतात.

आणखी एक. मैदानात शिट्टी घेऊन सहसा कुणी पंच नसतो. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची, हा नियम. चुकलं तर स्वतःच दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची आणि पुढे जायचं. कुणी पाहिलं नसलं तरी. शाळेतल्या पोराला याहून मोठं काय शिकवणार?

आता सरांना. ब्राह्मणवेलचा वारा पठारावरचा आहे, तो हतनूरला धरू नका. धरणावरचा वारा टेकड्यांना आणि झाडांना अडखळत येतो, घडीघडी दिशा बदलतो. शिकायला तो उत्तम, पण शिकवणारा मुरलेला हवा. तो कुठून आणणार? होड्या नंतर बघू, आधी हे सांगा.

गिरणाकाठ (भडगाव)

आमच्या आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पानी आटी गयं ते मंग काय करशात?" गिरणा धरण 1969 सालचं. किती वर्षं ते पुरतं भरलंच नाही. तिच्या प्रश्नापुढे मला काही सुचत नाही.

चांगदेव संगम (मुक्ताईनगर)

आमचं घर फुगवट्यावर मासे धरतं. तापी-पूर्णेच्या संगमापासून खाली जिथे पाणी टिकतं, तिथेच आमची जाळी लागतात. शिडकरी काका, तुमच्या होडीखाली जी फळी असते ती किती खोल जाते? मीटरभर तरी? मग ती जाळ्यात अडकणार. जाळं फाटलं की आमची महिन्याची कमाई गेली, आणि पोरगं अडकलं तर आळ आमच्यावर. आम्हाला बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं.

आणि हिवाळ्यात इथे बाहेरून पक्षी येतात, बदकांचे थवेच्या थवे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे तुम्हाला होडी चालवायला जमेल तेच महिने. पक्ष्यांना शीड म्हणजे मोठा ससाणाच वाटणार.

शिडकरी (चाळीसगाव)

फळी जवळपास तेवढी खोल जाते, खरं आहे. उथळात वर ओढता येते, पण शर्यतीत कुणी ओढत नाही. तुमची अडचण खरी आहे. मी ती धरलीच नव्हती.

नर्मदाकाठ (धडगाव)

सगळं वाचलं. राग आला, पण शांतपणे लिहितो.

सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची 33 गावं गेली, अक्कलकुवा आणि धडगावची. आमच्याकडे होडी खेळायला नसते. दवाखान्याला होडी, बाजाराला होडी. 2019 च्या संक्रांतीला भुषा इथे नर्मदेत होडी उलटली आणि माणसं बुडाली. पूजेला निघालेली माणसं. होडीत माणसं भरमसाट होती.

तुम्ही भुसावळला पोरांना शर्यत शिकवणार, मग आमच्या पोरांच्या अंगावर आधी जाकीट कोण चढवणार? खान्देश म्हणताना सातपुड्याच्या अलीकडेच थांबू नका.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. भुषाचं मला आठवायला हवं होतं.

तरी एक सांगतो, वाद घालायला नाही. भोपाळला पहिल्या दिवशी पोरांना शीड दाखवतसुद्धा नाहीत. पोहणं, जाकीट, आणि मुद्दाम होडी उलटी करून ती सरळ करणं. उलटलेल्या होडीच्या फळीवर उभं राहायचं, काठ धरून मागे रेलायचं, शीड पाण्यातून वर येतं. सगळ्यांत पहिला नियम, होडी सोडून काठाकडे पोहायचं नाही, तिलाच धरून राहायचं. हे धडगावच्या पोराला माझ्या पोरापेक्षा जास्त कामाचं आहे. शर्यतीचं राहू द्या, एवढं तरी नर्मदेवर आधी व्हावं, हे मी मान्य करतो.

पैशाबद्दल केळीबाग दादांना. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट नावाची होडी 1947 साली प्लायवूडच्या फळ्यांतून घरी करता यावी म्हणूनच काढली होती. जेमतेम आठ फूट लांब, वजन 35 किलो. आपल्याकडे सुतार नाहीत का?

केळीबाग (रावेर)

सुतार आहेत. माझा चुलतभाऊच आहे.

शर्यतींना माझा विरोध अजून आहे, हतनूरवर तर आहेच. पण पोहणं, जाकीट आणि उलटलेली होडी सरळ करणं, हे शाळेत शिकवत असाल तर माझ्या दोन्ही पोरांची नावं लिहा. मोठा नववीत आहे, धाकटी सातवीत. धाकटीला पोहता येतं, मोठ्याला नाही.

नर्मदाकाठ (धडगाव)

उलटी होडी सरळ करण्याचं नीट लिहून पाठवा, चित्र काढून. आमच्याकडच्या होड्या लाकडी आणि जड आहेत, त्यांना ते चालेल का बघतो.

शिडकरी (चाळीसगाव)

जड लाकडी होडी तशी सरळ होणार नाही, चित्रावर विसंबू नका. तिला धरून तरंगत राहणं एवढंच खरं. मी धडगावला येतो. होडीची लांबी, रुंदी, आणि साधारण किती माणसं बसवता ते आधी कळवा. दोराच्या चार गुंडाळ्या माझ्याकडे पडून आहेत, त्या आणतो.

चांगदेव संगम (मुक्ताईनगर)

जाळी कुठे कुठे लागतात ते पुढच्या बैठकीआधी मी कागदावर काढून देतो. तारीख कळवा, या वेळी आम्ही येणार.